बिनवासाच्या वायूचा वास

बिसेर्का तळमजल्यावरून द्रव नायट्रोजनचा थर्मास भरून वर आली, तेव्हा मेतोदी जिन्याच्या पायरीवर बसून कपाळ चोळत होता आणि वर तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेतला वायूगळतीचा भोंगा केकाटत होता.

"ऊठ. आधी अंगणात चल," ती म्हणाली.

"बाहेरच तर आलोय. सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. शेवटची रबरी नळी निसटली होती, तीही बसवली. तुझं काही जळलं नाही, बिसे. चेहरा का असा केलायस?"

तिने थर्मास तिथेच ठेवला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला खाली नेलं. संस्थेच्या इमारतीतले बाकीचे लोक आधीच अंगणात जमले होते. कुणी कॉफीचा कप हातात घेऊन उभं होतं, कुणी सिगारेट पेटवली होती. भोंगा वर्षातून एक-दोनदा वाजतोच, त्यामुळे फारसं कुणी घाबरलं नव्हतं. समोरच्या घराच्या बाल्कनीत कुणीतरी भोपळी मिरच्या भाजत होतं. त्यांचा गोडसर धूर अंगणभर पसरला होता.

मेतोदी बाकावर बसला. पन्नाशी कधीच ओलांडलेला, जाड मिशांचा, अंगाने भरदार माणूस. थोडी मळमळ होतेय म्हणाला, मग म्हणाला, आता तीही नाही. बिसेर्काच्या जिवात जीव आला. कार्बन मोनॉक्साइड काय चीज आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. मोकळ्या हवेत आलं की तो रक्तातून हळूहळू सुटतो आणि डोकेदुखी उतरते.

"मला साडेबाराची बस पकडायचीय," मेतोदी म्हणाला. "गांचो दारूच्या भट्टीपाशी वाट बघत असेल. दोन पिंपं फळांचा चोथा आंबून तयार आहे. आज पाळी चुकली तर भट्टी पुन्हा कधी मिळेल देव जाणे. सगळा गाव रांगेत आहे."

"जा की. पण आधी थोडा वेळ बस."

"बसतो. त्या खोलीत काय घाण वास मारत होता गं. तुझ्या नळीतून येत होता. जुन्या धुराड्यातल्या काजळीसारखा, धुळकट."

बिसेर्काला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कसला वास?"

"सांगितलं ना, काजळीसारखा. नळी बसवताना पार नाकातच गेला."

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणूनच तर तो माणसं झोपेत मारतो. बिसेर्का मेतोदीशेजारी बाकावर बसली आणि समोर बघत राहिली.

गेली वीस वर्षं ही दोघं एकाच कामाला जुंपलेली होती. झिओलाइट म्हणजे एक पांढरी भुकटी. तिच्या कणाकणाच्या आत पोकळ्या असतात, आणि त्या पोकळ्यांत धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार घेतलेले अणू, बसवता येतात. ते कुठे बसलेत, कुठल्या अवस्थेत आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यांच्याकडे कार्बन मोनॉक्साइड धाडायचा. तो आयनाला चिकटला की त्याचं थरथरणं बदलतं. आयनावर भार जास्त असेल तर इन्फ्रारेड यंत्राच्या आलेखात त्याची रेघ वर सरकते, कमी असेल तर खाली येते. त्या रेघा वाचायच्या, हाच दोघांचा धंदा. दोन वर्षांपासून दोघं निकेलच्या मागे होती. निकेल साधारणपणे दोन भार घेऊन बसतो. हायड्रोजनमध्ये बेताने तापवला तर त्यातला एक भार जातो आणि एकाच भाराचा, फार अल्पजीवी असा निकेल हाती लागतो. तो त्यांना हवा होता.

पण बेताने तापवला तर. आच जास्त झाली की दोन्ही भार जातात, निकेल नुसता धातू होतो आणि पोकळीतून बाहेर पडून गोळा होतो. अशा धातूवरून कोमट असताना कार्बन मोनॉक्साइड सोडला, तर त्याचे चार रेणू निकेलच्या एकेका अणूला चहूबाजूंनी वेढतात आणि त्याला वायू करून उचलून नेतात. त्या वायूला काजळीसारखा वास येतो. तो श्वासावाटे गेला तर आधी डोकं दुखतं, मळमळतं. मोकळ्या हवेत बरं वाटतं. माणूस म्हणतो, सुटलो. आणि अर्ध्या दिवसाने, कधी एका दिवसाने, फुप्फुसं पाण्याने भरायला लागतात.

"मेतो, तू गावाला जाऊ नकोस," ती म्हणाली.

"का?"

"दवाखान्यात चल माझ्याबरोबर."

तो हसला. "बाई, डोकं दुखायचं थांबलं माझं. चल म्हणालीस तर भट्टीवर चल. गांचोला तुझी मदतच होईल, तो आच नेहमी बिघडवतो."

"मेतो, तो वास कार्बन मोनॉक्साइडचा नव्हता."

"मग कशाचा? आपण अडीचशे अंशांवर तापवतोय. तेवढ्या आचेत निकेल कशाला धातू होतोय? आपण हे शंभरदा केलंय."

आता बोलणं भाग होतं. सोमवारी यंत्र दुसऱ्या गटाला द्यायचं होतं. काल संध्याकाळी तिला वाटलं होतं, अडीचशेवर रात्रभर ठेवत बसण्यापेक्षा आच वाढवू, काम लवकर उरकेल. बटण दाबायला क्षणही लागला नव्हता. सकाळी मेतोदीला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं ती स्वतःला सांगत होती. खरं म्हणजे तो कुरकुरेल म्हणून तिने टाळलं होतं.

"मी काल चारशे ऐंशीवर नेलं होतं."

मेतोदीने खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, त्याकडे बघितलं आणि परत ठेवलं.

"चारशे ऐंशी," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी त्या नळीवर तोंड घालून बसलो होतो."

"चल. टॅक्सी बोलावते."

त्याने तिकडच्या रीतीप्रमाणे होकाराची मान डावी-उजवीकडे हलवली आणि उठला. टॅक्सीत त्याने गांचोला फोन लावला. पलीकडून भाऊ एवढ्या जोरात बोलत होता की बिसेर्कालाही शब्दन् शब्द ऐकू आला. "डोकं दुखतंय म्हणून येत नाहीस? अरे, भट्टीवर येऊनच तर डोकी दुखतात लोकांची. कुठली बाई आहे बरोबर? ती प्रयोगशाळेतलीच ना? तिला सांग, आमचा चोथा सडला तर तिच्या दारात आणून ओततो." मेतोदी म्हणाला, सांगतो. मग फोन बंद करून खिडकीबाहेर बघू लागला. व्हितोशा डोंगराच्या माथ्यावर ढग उतरले होते. टॅक्सीवाल्याने गाणं लावलं, तेव्हा मेतोदीनेच त्याला आवाज कमी करायला सांगितलं.

विषबाधा विभागात डॉक्टर इल्चोव्हा नावाची तरुण बाई होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस पेन्सिलीने वर खोचलेले. तिने मेतोदीला ऑक्सिजन लावला, रक्त काढलं, छातीची तपासणी केली आणि थोड्या वेळाने निकाल घेऊन आली.

"रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे, पण फार नाही. छाती साफ आहे. थोडा वेळ ऑक्सिजनवर राहू देत, मग घरी न्या."

"त्यांना घरी पाठवू नका," बिसेर्का म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. कुठला धातू, किती भुकटी होती, आच कोणी वाढवली, तेही. सांगताना मेतोदीकडे बघायचं तिने टाळलं.

ऐकून झाल्यावर इल्चोव्हाने कुठेतरी फोन केला, बराच वेळ बोलली आणि परत आली.

"हा वायू तयार झाला असेल, असं तुमचं म्हणणं. झालाय का?"

"नक्की माहीत नाही. वास तसा होता."

"वासावरून औषध देता येत नाही. एकच औषध आहे ज्याचा उल्लेख सापडतो, आणि ते दारू सोडवायला देतात ते. त्याने नक्की फायदा होतो असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. उलट यांच्या यकृताचे आकडे बघा." तिने मेतोदीकडे पाहिलं. "रोज किती घेता?"

"माणसासारखी घेतो," मास्कमागून मेतोदी म्हणाला.

"या यकृताला ते औषध झेपेल का, मला शंका आहे. उगाच द्यायचं नाही, आणि गरज असली तर उशीर करायचा नाही. लघवीतला निकेल मोजायला पाठवते, पण आमच्याकडून त्याचा निकाल सोमवारच्या आत येणार नाही."

"मी शोधून काढते," बिसेर्का म्हणाली. "निकेल धातू झाला होता की नाही, ते त्या भुकटीतच दिसेल. संध्याकाळच्या आत सांगते."

"सांगा. तोवर यांना मी सोडत नाही."

बिसेर्का निघाली तेव्हा मेतोदीने हात वर केला. "बिसे, हातमोजे घाल. आणि एकटी जाऊ नकोस."

ती एकटीच गेली. खालच्या पहारेकऱ्याला मात्र सांगून ठेवलं, की मी दर थोड्या वेळाने फोन करीन, केला नाही तर वर येऊ नका, अग्निशामक दलाला बोलवा. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती भरल्या घरात अंत्ययात्रेची भाषा करतेय.

खोलीत गार वारा खेळत होता. मास्क चढवून तिने भुकटीची काचनळी दोन्ही टोकांनी बंद केली आणि तळमजल्यावरच्या, हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात नेली. वीस वर्षं जो वायू ती निरोप्या म्हणून वापरत आली होती, त्याच्या सिलिंडरला हात लावताना आज पहिल्यांदा तिने झडप बंद आहे ना ते दोनदा पाहिलं.

नळीचं तोंड उघडून तिने वरच्या टोकाची चिमूटभर भुकटी घेतली. ती फिकट दिसत होती, काळी नव्हती. चिमूट दाबून तिने नखाएवढी पातळ चकती केली, यंत्रात बसवली, द्रव नायट्रोजनने गार केली आणि अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड आत सोडला.

पडद्यावर आलेख उमटू लागला. वरच्या बाजूला एक रेघ उभी राहिली. दोन भारांचा निकेल, जसाच्या तसा पोकळीत बसलेला. मग खाली दोन रेघांची जोडी आली, सुबक, एकमेकींना शोभणारी. ती जोडी बघून बिसेर्का खुर्चीत मागे रेलली. हाच तो एका भाराचा निकेल. दोन वर्षं ज्याच्यासाठी मरमर केली तो समोर बसला होता. आणि त्याच्याही खाली, जिथे धातूचा रुंद उंचवटा दिसायला हवा होता, तिथे सरळ सपाट रेघ होती. धातू नव्हता. म्हणजे विषारी वायू झालाच नव्हता. मेतोदी उद्या भट्टीवर जाऊ शकत होता.

तिने फोन उचलला. दवाखान्याचा नंबर अर्धा फिरवला आणि ती थांबली.

वरचंच टोक तिने का घेतलं होतं? ते हाताशी होतं म्हणून. पण नळी तापवणाऱ्या विजेच्या भट्टीत वरच्या टोकाला आच सगळ्यात कमी असते, हे विद्यार्थ्यांना तीच शिकवायची. खरी धग मधोमध. आणि नळी कपाटात ठेवली तेव्हा मधली भुकटी तिला जरा मळकट दिसली होती. दिसली होती, आणि तिने बघितली नव्हती. फोन खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं, की ती मेतोदीसाठी शोध घ्यायला आली होती, पण वरची भुकटी घेणारा हात स्वतःला वाचवायला निघाला होता.

दुसरी चकती तिने नळीच्या मधल्या भुकटीची केली. ती करडी होती, पेन्सिलीने घासल्यासारखी. पुन्हा गारवा, पुन्हा थोडासा वायू. वरची रेघ आली, पण बुटकी. जोडी जेमतेम ओळखू येण्याइतकी. आणि खाली, पसरट, आळसावलेला, धातूचा उंचवटा. बिसेर्का त्याच्याकडे टक लावून बघत राहिली, जणू जास्त वेळ बघितलं तर तो विरून जाईल. मग तिने आणखी एक गोष्ट तपासली. वरच्या आणि मधल्या भुकटीत मुळात निकेल सारखाच घातलेला होता. पण दुसऱ्या यंत्रावर मोजला तर मधल्या भुकटीत तो कमी भरला. कमी झालेला निकेल कुठे गेला, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो नळीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडला होता. काही खिडकीतून गेला असेल. काही गेला नसेल.

तिने पुन्हा फोन फिरवला.

"झालाय," ती म्हणाली. "सगळा नाही. पण झालाय. तिथला निकेल कमी भरतोय."

"तुमची खात्री आहे?" डॉक्टर इल्चोव्हाने विचारलं. "मी यकृताचा धोका पत्करतेय."

"आलेखाची खात्री आहे. त्यांच्या फुप्फुसात किती गेला त्याची नाही."

मग डॉक्टर म्हणाली, "ठीक आहे. सुरू करते."

बिसेर्का दवाखान्यात परतली तेव्हा मेतोदी उशीला टेकून बसला होता, गालांवर रंग होता, आणि शेजारच्या खाटेवरच्या, अळंबी खाऊन आलेल्या म्हाताऱ्याशी फुटबॉलवरून भांडत होता. तिला बघून तो म्हणाला, "दारू सोडायच्या गोळ्या देतायत मला. भट्टीच्या दिवशी. गांचोला सांगितलंस तर याद राख. गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

तिला हसू आलं नाही. ती त्याच्या छातीकडे बघत होती. छाती वर जात होती, खाली येत होती, नीट, एका लयीत. ती लय बिघडतेय का, हे बघण्याखेरीज तिला दुसरं काही सुचेना. तो पाणी प्यायला की ती बघायची, ठसका तर लागत नाही ना. तो बोलायचा थांबला की ती विचारायची, दम लागला का. शेवटी तो वैतागला. "बिसे, घरी जा. तुझ्या नजरेनेच मला धाप लागेल."

ती घरी गेली, पण डोळ्याला डोळा लागला नाही. तिच्या जर्मनीतल्या मुलाचा फोन आला, तो तिने घेतला नाही. घेतला असता तर सांगावं लागलं असतं. सकाळी ती दवाखान्यात पोचली तेव्हा मेतोदी ठणठणीत होता. डॉक्टर नव्या पाळीची होती आणि तीही म्हणाली, कदाचित वाचले तुमचे गृहस्थ. बिसेर्काने त्याच्यासाठी चीज भरून भाजलेली बानित्सा आणली होती, त्याने ती आवडीने खाल्ली. तिला वाटायला लागलं, आपण उगाच घोर लावून घेतला. उगाच ठरलो तर बरंच.

दुपारी तो खोकला. एकदाच, कोरडा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घशात कण अडकला," तो म्हणाला.

तासाभरात अंग तापलं. मग खोकला थांबेना. त्याचे ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा बिसेर्का व्हरांड्यातून धावत सुटली आणि परिचारिकांनी त्याची खाट ढकलत अतिदक्षता विभागात नेली. दार बंद झालं. त्या दाराच्या काचेला आतून पांढरा रंग लावलेला होता. दोन दिवस तिने त्या रंगाकडे बघत काढले.

गांचो गावाहून आला. अंगाला भट्टीचा वास, हातात प्लास्टिकच्या बाटलीत भट्टीची ताजी दारू, रकिया, जी कुणाला द्यायची ते त्यालाही माहीत नव्हतं. तो बिसेर्काशेजारी बसला.

"डॉक्टर म्हणतात, आधीपासून इथे होता म्हणून अजून जिवंत आहे," तो म्हणाला. "गावात असता तर घाट उतरून इथवर आणेपर्यंत..." त्याने वाक्य सोडून दिलं. "तुम्ही त्याला येऊ दिलं नाहीत. मी फोनवर काहीबाही बोललो. मनावर घेऊ नका, बाई."

बिसेर्काला ते ऐकवेना. "गांचो, त्याच्यावर ही वेळ आली ती माझ्यामुळेच," ती म्हणाली. आणि मग त्यालाही सगळं सांगितलं. गांचो ऐकत राहिला. आयन, झिओलाइट त्याला कळलं नसेल, पण आच वाढवली आणि सांगितलं नाही, एवढं भट्टीवाल्या माणसाला चांगलं कळलं. तो उठून दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसला. बाटली मात्र तिच्याच शेजारी राहिली.

मेतोदी जगला. ताप उतरायला आठवडा गेला, घरी यायला त्याहून जास्त. संस्थेत चौकशी झाली. बिसेर्काने काही लपवलं नाही. तिचं प्रयोगशाळेचं प्रमुखपद गेलं, आणि ते गेल्याचं तिला वाटलं होतं तेवढं दुःख झालं नाही. रोज संध्याकाळी ती मेतोदीच्या घरी सूप घेऊन जायची. तो आभार मानायचा. हवा, राजकारण, गांचोची रकिया यंदा कशी कडवट झाली, सगळ्यावर बोलायचा. जिना चढून आलं की त्याच्या छातीतून अजून शिट्टी वाजायची. त्या दिवसाबद्दल तो काही बोलत नसे, आणि त्यामुळे ती जास्तच धास्तावून जायची.

बाहेर पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात त्याने अचानक विचारलं, "ती जोडी दिसली होती का? एका भाराची?"

"दिसली होती. वरच्या टोकाला."

"नीट?"

"फार सुंदर," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

तो हसला, हसता हसता खोकला आणि बराच वेळ खोकत राहिला. खोकला थांबला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"मला तुझा राग आलाय, बिसेर्का," तो म्हणाला. बिसे म्हणाला नाही. "दवाखान्यात मेलो नाही एवढ्याच आनंदात होतो. आता यायला लागलाय. सकाळी बूट घालताना दम लागतो तेव्हा येतो. तू मला एक वाक्य सांगायला हवं होतंस. एक. मी कुरकुरलो असतो, आणि त्या नळीपाशी गेलो नसतो."

"हो," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यात कामावर येतोय. दुसऱ्या मजल्यावर बसेन. तुझ्या खोलीत नाही बसणार. निदान इतक्यात तरी नाही."

"बरं."

"आणि त्या जोडीवर काही लिहिणार असशील तर आधी मला दाखव. तुझ्या आकड्यांवर मी आता डोळे झाकून सही करणार नाही."

ती उठली. दारापाशी तिने कोट घातला. सूपचं भांडं टेबलावरच होतं, ते उचलायला ती मागे वळली.

"राहू दे ते," मेतोदी म्हणाला. "अजून प्यायलो नाही मी."